रुमडाखालचं गाऱ्हाणं

मुलुंड पूर्व
१२ जानेवारी २०२५

सीताराम,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी बोलून घेते. फोनच करणार होते, पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘आक्का, आवाज तुटतोय’ म्हणतोस आणि नेमकं माझंच बोलणं तुटतं. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही.

काल सूनबाईने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. रश्मी म्हणाली, “आई, हे सीताराममामा ना?” चष्मा लावून बघितलं. डोक्याला लाल फेटा, कमरेला धोतर, धोतराखाली बूट, हातात नारळ. मागे हिरवा फलक, ‘वनरंग : जंगलातलं पर्यावरणस्नेही फॅमिली पार्क, बोरीवली’. आणि समोर वेफर्स खात उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांना तू गाऱ्हाणं घालून दाखवतोयस. आप्पांचं गाऱ्हाणं! तोच सूर, ‘म्हाराजा’वर तसंच थांबणं. तू एकेक वाक्य बोलतोस आणि ती माणसं ‘व्हय म्हाराजा’ ओरडतात आणि फिदीफिदी हसतात.

अरे, लाज कशी वाटली नाही तुला? आपण घाडी. गावच्या देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान आपल्या घराचा. आप्पा गिरणीची पाळी संपवून आले तरी आधी अंघोळ करायचे, चपला चाळीच्या जिन्याखाली ठेवायचे, मगच नारळाला हात लावायचे. लालबागच्या त्या खोलीत आपण दोघं मागे उभे राहायचो. तुझं लक्ष प्रसादाकडे असायचं, ते तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कुरिअर कंपनीतून रिटायर झालास, वेळ जात नाही, कबूल. भजनात बस, पत्ते कुट, सोसायटीच्या टाकीवरून भांडणं कर. देवाला तिकीट लावायची काय गरज होती?

उत्तर दे. आशीर्वाद उरले नाहीत.

शकुआक्का


बोरीवली पूर्व
२० जानेवारी २०२५

आक्का,

नमस्कार घे, नको असेल तर परत पाठव.

तुझं पत्र आलं आणि सोसायटीत बोंब झाली. हल्ली पत्र म्हणजे एक तर बँकेचं नाहीतर कोर्टाचं. सेक्रेटरी शिवदास तीन मजले चढून आला, “घाडीसाहेब, काही लफडं आहे का?” म्हटलं, बहिणीचं पत्र आहे. तर म्हणाला, मग कोर्ट परवडलं. बघ, मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत तुझी कीर्ती आहे.

आता ऐक. त्या पार्कात राखणदाराचा जो दगड आहे ना, तो फायबरचा आहे. गोरेगावच्या एका सेटवाल्याने बनवलाय. आतून पोकळ, पोटात स्पीकर. बटण दाबलं की गुरगुरतो. मी दोन बोटांनी उचलतो त्याला. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घातलं तर कोणाचा अपमान झाला? नाटकात लग्न लागतं म्हणून नट-नटी संसार मांडतात का?

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कागद दिला होता. ‘हे वनदेवते, आम्हास हरित ऊर्जा दे.’ देवव्रत म्हणून त्यांचा साहेब आहे, अनुभव प्रमुख. म्हणजे काय ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. त्याला म्हटलं, साहेब, असलं बोललो तर तो स्पीकरसुद्धा बंद पडेल. माझ्या बापाचं घालतो. घातलं. माणसं गप्प झाली, आक्का. वेफर्सची पिशवी वाजायची थांबली. हसणं होतं ते नंतरचं, तोच भाग तुझ्या सुनेला दिसला.

आणि मी मागतो काय? ‘ही लेकरां जमली हत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा.’ एवढंच. कुरिअरच्या ऑफिसात तीस वर्षं मला ‘ए घाडी’ म्हणायचे. इथे लोक पाया पडतात. म्हातारपणी जरा बरं वाटतं, तेही तुला खुपतं.

बूट घालतो कारण तिथे खडी टाकलीय. येऊन बघ एकदा. पास देतो.

सीताराम


मुलुंड पूर्व
१९ फेब्रुवारी २०२५

सीताराम,

जाऊन आले. सोमवारी तुझी सुट्टी असते, म्हणून मुद्दाम सोमवारीच गेले. तुझा पास नको की तुझा फेटा नको. रश्मी आणि नात होती बरोबर.

काय रे ते ध्यान! गेटवर शपथ घ्यायला लावली, ‘मी निसर्गाला इजा करणार नाही’, आणि शपथ घेतल्याबद्दल प्लॅस्टिकचा बिल्ला दिला. आत शिरले तर झाडावर पाखरं ओरडतायत. मान दुखेपर्यंत वर बघितलं. पाखरू एक नाही, फांदीला भोंगा बांधलेला. खरी पाखरं त्या भोंग्याला घाबरून पळाली असणार. पुढे एक गुहा, तिच्यात विजेचे काजवे, बाहेर पाटी ‘वीज वाचवा’. नंतर झाडाला मिठी मारायचा कोपरा. तिथे रांग! एक बाप पोराला ओरडत होता, “नीट मार, फोटो येत नाहीये.” सरबत नारळाच्या करवंटीत देतात, आणि ती करवंटी उलटून बघितली तर स्टिकर, ‘मेड फ्रॉम कोकोनट-लाइक मटेरियल’. हसून हसून माझी कवळी निसटली. पर्यावरण म्हणे! ह्यांच्या तोंडावर मारा ते पर्यावरण.

तुझ्या जागी त्या दिवशी कोणी नव्हतं, तरी गाऱ्हाण्याची जागा बघितली. ‘राखणदार बोलतील, पाटी वर गेली की तुम्ही जोरात व्हय म्हाराजा म्हणा’, असा बोर्ड लावलाय. म्हणजे होकार द्यायला पण पाटी लागते तुमच्या भाविकांना. ती पाटी धरणारी मुलगी भेटली, दीप्ती. दहिसरची आहे. चांगली पोर आहे, तुझं नाव काढल्यावर उठून उभी राहिली. माझी ओळख मी दिली नाही.

पण एक सांगते, ते मात्र सरळ सांगते. त्या भंपकपणात गाऱ्हाण्याच्या जागेवरचा तो रुमड, उंबराचं झाड, खरा आहे. केवढा रे! त्याच्या बुंध्याशी टेकले आणि मला गाव आठवलं. पिकलेली उंबरं खाली सांडलेली, त्यावर मुंग्या. आणि त्या फायबरच्या धोंड्यापुढे कोणीतरी केळी ठेवली होती, अगरबत्ती लावली होती. एक गुजराती बाई डोळे मिटून काहीतरी मागत होती. दीप्ती म्हणाली, आता रोज येतात लोक, तिकीट काढून येतात, राईड बघत पण नाहीत.

हे तुझं काम आहे. त्यांनी खोटा आणून ठेवला, तू त्याला खरा करून बसलास. आप्पांच्या शब्दांत बोललास तेव्हाच झालं ते. गाऱ्हाणं पडलं की फायबर काय आणि काळा पत्थर काय. आता जबाबदारी तुझी. निदान बूट तरी काढ.

शकु


बोरीवली पूर्व
८ मार्च २०२५

आक्का,

बूट काढले. खडी टोचते. तुझा आत्मा शांत होवो.

आता खरं पत्र. फोनवर बोललो असतो, पण हे तुला नीट वाचायला मिळावं असं वाटलं. रुमड तोडणार आहेत.

हवेत तारेवर सायकल चालवायचा खेळ आणतायत. त्याचा खांब नेमका त्या जागी येतो. मी म्हटलं, खांब दहा पावलं सरकवा. देवव्रत म्हणाला, ड्रॉइंग झालंय. जंगल दाखवायला जंगल तोडायचं आणि वरून म्हणायचं, सायकल आहे, धूर सोडत नाही, म्हणजे पर्यावरणस्नेही! परवानगी आहे म्हणतात, खरी की खोटी मला ठाऊक नाही.

अडचण एकच. लोक कुरकुरायला लागलेत. राखणदाराचं झाड आहे, हात लावाल तर याद राखा, असं सफाईवाल्यांपासून रोजच्या बायकांपर्यंत सगळे म्हणतात. माळ्याने करवत आणायला नकार दिला. मग देवव्रतच्या डोक्यात आलं की राखणदारालाच विचारू या. पाडव्याला ‘महागाऱ्हाणं’. मी झाड तोडायची मुभा मागायची, जमलेल्यांनी व्हय म्हणायचं, आणि मग सगळं गोड. पोस्टरवर छापतायत की लोकांचा होकार आला तरच काम करू. टीव्हीवाल्यांना पण बोलावलंय.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. माझ्या जागी मी एकटा कोण गं? बोलणारा नुसता बोलतो, मागच्यांचा व्हय आला तरच मागणं पुढे जातं. आप्पाच सांगायचे.

तुला काय वाटतं ते कळव. शिव्या कमी, मुद्दा जास्त.

सीताराम


मुलुंड पूर्व
१३ मार्च २०२५

सीताराम,

मुद्दा हवा ना? नाही म्हण. झाला मुद्दा. आता शिव्या ऐक.

‘मी एकटा कोण’ म्हणे! फेटा घालताना एकटा होतास, पाया पडून घेताना एकटा होतास, आणि आता नाही म्हणायची वेळ आली तर मागच्यांच्या पदराआड लपतोस? लोकांवर ढकलू नकोस. तुझ्या त्या लोकांसमोर पाटी वर केली तर स्वतःच्या घरावर बुलडोझर फिरवायला पण व्हय म्हणतील. मेंढरं आहेत ती. मी बघितलीयत, झाडाला मिठी मारायला रांगेत उभी राहणारी.

आपल्या घराण्यात कोणी देवापुढे झाड मारायचं मागणं मागितलेलं नाही. पाऊस मागितला, पोर मागितलं, शत्रूला सुबुद्धी मागितली. आप्पांनी गिरणी बंद पडली तेव्हा सुद्धा मालकाचं वाईट मागितलं नाही. आणि तू, चार दिवसांच्या फेट्यासाठी, त्यांच्या आवाजात, रुमडाची मान मागणार? त्या झाडावर पाखरं वस्तीला असतात रे, ती भोंग्यातली नव्हेत.

तुला एक आवाज मिळालाय. आप्पा गेल्यावर तो सूर जगात फक्त तुझ्या गळ्यात उरलाय. मला बाई म्हणून कधी पुढे उभं केलं नाही, नाहीतर तुझ्यापेक्षा बरं घातलं असतं. माझ्या मनात ते आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून सांगते, तो आवाज असा नासवू नकोस. नासवलास तर माझ्यापुरते आप्पा दुसऱ्यांदा गेले.

नाही म्हटल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

शकु


मुलुंड पूर्व
२ एप्रिल २०२५

सीताराम,

तुझं पत्र आलं नाही तेव्हाच समजले. तरी माझं वेडं मन, म्हटलं, आयत्या वेळी नाही म्हणेल. आप्पांचा मुलगा आहे शेवटी.

मी आले होते पाडव्याला. रश्मीला देवळात जाते सांगून निघाले. डोक्यावरून पदर घेऊन अगदी मागे, सरबताच्या गाडीपाशी उभी होते. सगळं बघितलं.

अनवाणी होतास, तेवढं बघून बरं वाटलं. सुरुवात केलीस आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ‘बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा…’ डोळे मिटले मी. लालबागची खोली, कापसाचा वास, आप्पांची पाठ, सगळं समोर. आणि त्याच सुरात, त्याच गोडीने तू तेही बोललास. बोललास! एक शब्द अडखळला नाही तुझा. निलाजऱ्या!

आणि ती माणसं. काय त्यांची कीव करायची! त्या दीप्तीने तर पाटी वर केलीच नव्हती, रडवेली होऊन खाली धरून उभी होती, तरी ओरडली मेंढरं. आइस्क्रीम चाटत चाटत व्हय म्हणाले. काय मागितलंय ते तरी ऐकलं का कोणी? कान आहेत की नुसतीच भोकं? अशा लोकांसाठी झाडं ठेवूच नयेत, सिमेंटचीच द्यावीत, त्यांची तीच लायकी. आणि तो तुझा देवव्रत टाळ्या काय वाजवत होता!

मला तिथे उभं राहवेना. निघून आले. तीन दिवस घास गिळवत नाहीये. घरात विचारतात, काय झालं, मी म्हणते, पित्त.

तुझ्यात आणि त्या फायबरच्या धोंड्यात आता काही फरक उरला नाही. दोघांच्याही पोटात दुसऱ्याचा स्पीकर.

यापुढे पत्र नको. फोन नको.

शकुंतला


बोरीवली पूर्व
१० एप्रिल २०२५

आक्का,

पत्र नको म्हणालीस तरी लिहितोय. नको असेल तर फाड, पण वाचून फाड.

मागच्या वेळी तुझं ऐकलं, तिथेच चुकलो. नाही म्हटल्याशिवाय लिहू नको म्हणालीस, आणि मला नुसतं नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून पेन उचललं नाही. रागही आला होता तुझा, फेट्यावरून बोललीस त्याचा. तुला आधी कळवायला हवं होतं. पण तुला कळवलं असतं तर अख्ख्या मुलुंडला कळलं असतं, हीही भीती होतीच.

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं सांगू? देवव्रतने फेटा दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ठेवला असता. नाटकवाला आणला असता एखादा, आणि त्याने हसत हसत मागितलं असतं. रुमड गेलाच असता. म्हणून ठरवलं की मीच उभा राहायचं आणि मागायचं. आणि व्हय येऊ द्यायचा नाही. त्यांनी स्वतः पोस्टरवर छापलं होतं ना, होकार आला तरच. टीव्हीवाल्यांच्या देखत होकार आला नसता तर कुठल्या तोंडाने करवत लावली असती?

पंधरा दिवस मी तेच करत होतो. सगळ्यांना एकेकटं गाठलं. दीप्तीला सांगितलं, त्या वाक्याला पाटी खालीच ठेव. माळी, सफाईवाल्या, दहिसरहून येणाऱ्या आपल्याकडच्या बायका, ती गुजराती बाई, सगळ्यांना सांगितलं. बाकी वाक्यांना जोरात म्हणा, पण रुमडाचं नाव आलं की ओठ शिवा. राहिले तिकीटवाले. ते पाटीशिवाय तोंड उघडत नाहीत, तूच लिहिलं होतंस.

म्हणून मी अडखळलो नाही, आक्का. ठरवून अडखळलो नाही. ‘ह्या रुमडाक हात लावूक तुझो हुकूम दी रे म्हाराजा’ म्हटलं आणि थांबलो. आप्पा थांबायचे तसाच.

आणि कोणी बोललं नाही. एवढी गर्दी, पण एक आवाज नाही. झाडावर कुठलंसं पाखरू होतं ते ऐकू आलं. देवव्रतचं तोंड उतरलं, तो दीप्तीला हाताने खुणा करत होता, पाटी वर, पाटी वर. ती ढिम्म. कॅमेरावाला माझ्याकडे वळला. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलं.

तेवढ्यात मागून आला. ‘व्हय म्हाराजा!’ एकच आवाज. बाईचा. सरबताच्या गाडीकडून.

काय खणखणीत दिलास गं. जराही न लांबवता, आप्पांना हवा असायचा तसा. मी मान वर करून बघितलंही नाही. तो आवाज मला बघावा लागत नाही.

मग सगळे ओरडले. एकाने सुरुवात केली की बाकीच्यांना काय, त्यांना पाटीच मिळाली.

तू लिहितेस, मेंढरं ओरडली, काय मागितलं ते ऐकलं का कोणी. तुझ्या पत्रात मी तो आवाज शोधला. दोनदा वाचलं. सगळ्यांचा आहे, तुझा नाही. मग समजलं की तुला लिहवलं नाही. आणि हेही समजलं की तू माझे शब्द ऐकलेच नाहीस. डोळे मिटून लालबागला उभी होतीस. तिथे व्हयच म्हणायचं असतं, दुसरं काय म्हणणार?

मी ते वाक्य तसंच सोडून खाली बसलो असतो तर? विचार करतो रोज. पण आलेला व्हय आप्पांनी कधी परत केला नाही, मलाही करता आला नाही. पुढचं गाऱ्हाणं मी पुरं केलं.

मंगळवारी रुमड पाडला. यंत्र आणलं होतं, दुपारपर्यंत आटोपलं. मी फेटा-धोतर धुऊन परत दिलं. देवव्रत म्हणाला, उद्घाटनाला एक छोटंसं घाला. म्हटलं, घसा बसलाय. खोटं नाही, बसलाय खरंच.

दीप्ती आणि माळी संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर भेटतात. विषय एकच, ती बाई कोण होती. दीप्तीचा तर संशय आहे की देवव्रतने पैसे देऊन आणली. रोज तिला नवीन शिव्या घालतात. मला विचारलं, बुवा, तुम्ही बघितली का? म्हटलं, नाही रे, ऊन डोळ्यांवर होतं.

मीही त्यांच्याबरोबर घालतो दोन-चार. गप्प बसलो तर त्यांना कळेल. आणि खरं सांगू आक्का, मनापासून घालतो.

सीताराम